नदीवरचे आवाज आणि एक हलका हेडसेट

क्रो बेंड गावाच्या वरच्या अंगाला, कुस्कोक्विम नदी, अलास्का
३ मे २०१६

चि. मात्रोना हिस गुस्ताव काकाचे आशीर्वाद.

नदीवरील बर्फ परवा फुटले. या वर्षी ते निमूटपणे वाहून गेले. किनाऱ्याचा फारसा भाग त्याने नेला नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. अँकरेजच्या डॉक्टरांनी डाव्या कानाच्या वरील गाठ काढली, ती जखम भरली आहे. तथापि त्या जागची कातडी अद्याप पातळ असून बोटाचा स्पर्शही तिला सोसत नाही.

पत्राचे कारण हेच. माझा हिरवा हेडसेट तुला ठाऊक आहे. त्याची कमान डोक्याला सांडशीसारखी आवळते आणि डावी वाटी नेमकी त्या जखमेवर बसते. मागील आठवड्यात गावातून टपाल घेऊन परतताना मी तो उतरवून मांडीवर ठेवला व उघड्या कानांनी घरी आलो. मला त्यात वावगे वाटले नाही. मी या नदीवर उडू लागलो तेव्हा छताला एक कर्णा आणि हातात धरावयाचा मायक्रोफोन एवढेच असे, आणि तो कर्णाही बहुधा खरखरतच असे. माणसे इंजिन ऐकत व खिडकीतून पाहत. त्यात एक सुख होते, जे आता कोणाला समजावून सांगता येत नाही.

परंतु सप्टेंबरात माझी दर दोन वर्षांची उड्डाणपरीक्षा आहे. मागील खेपेस ड्रेसेल मास्तरांनी असा शेरा दिला की रेडिओवरील दोन हाका मला ऐकू आल्या नाहीत, आणि पुन्हा तसे घडल्यास ते सही करणार नाहीत. सही नाही म्हणजे विमान नाही. विमान नाही म्हणजे हे घर नाही, कारण येथवर रस्ता येत नाही. मग मला बेथेल येथे तुझ्या बाहेरच्या खोलीत राहावे लागेल. तू मोठ्या मनाची आहेस, परंतु तुझे कुत्रे तसे नाहीत.

कानाच्या आत बसणारे हलके हेडसेट निघाले आहेत असे वास्का सांगत होता. "काका, बुचासारखं कानात घालायचं, वर टोपी चढवायची. कुणाला दिसतसुद्धा नाही." वास्का गावच्या धावपट्टीवर विमानांची वाट पाहत दिवसभर आपल्या चारचाकी फटफटीवर बसलेला असतो, त्यामुळे त्याला सर्व विषयांत मत आहे. तू मात्र रोज माल घेऊन उडतेस. म्हणून तुझे मत हवे.

टेलिफोन करू नकोस. टेलिफोनवर हल्ली लोक पुटपुटतात.

तुझा,
गुस्ताव एकहोल्म


बेथेल
१७ मे २०१६

ती. गुस्ताव काका, नमस्कार.

"टेलिफोनवर लोक पुटपुटतात" हे मी हँगरमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. काका, आमच्याकडे एकही माणूस पुटपुटत नाही. इथे सगळे ओरडतात. पण असो.

हेडसेटचं सांगते. एक प्रकार तुमच्यासारखाच, कानांवर वाट्या असलेला, पण आत बॅटरीवर चालणारी करामत असते, ती इंजिनाचा आवाज गिळून टाकते. मी बरीच वर्षं तोच वापरला. फार सुख. पण कमान तशीच, म्हणजे तुमच्या जखमेचं दुखणं तसंच. शिवाय चष्म्याची काडी वाटीखाली गेली की फट पडते आणि सगळा गोंगाट त्या फटीतून आत. आणि जानेवारीत बॅटरी नेमकी कधी मान टाकते ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा, वास्का म्हणतो तो. बारीक तार डोक्यामागून जाते, कानांवर नुसती टेकते, तुमच्या जखमेच्या खालून जाईल. टोकांना मऊ फोमची बुचं. बॅटरी नाही, दाब नाही. वजन म्हणाल तर तुमच्या पत्राएवढं. आवाज थेट कानात पोचतो. तोटे असे, की बुचं थंडीत कडक होतात, मग ती काखेत धरून ऊब द्यावी लागते. वरचेवर बदलावीही लागतात. आणि मायक्रोफोन ओठाला अगदी चिकटून लागतो. तुमची दाढी त्यात येणार.

पण घाई काय आहे? उन्हाळा जाऊ दे की. आधी इथे येऊन कानांच्या डॉक्टरांना दाखवलंत तर बरं.

आणि सध्या गावाकडे उडताय का? सकाळी की दुपारी? सहज विचारते.

तुमची,
मात्रोना


क्रो बेंडच्या वर
२७ मे २०१६

चि. मात्रोना हिस आशीर्वाद.

माझ्या कानांना काहीही झालेले नाही. डॉक्टरांचा विषय येथेच संपवावा.

तुझ्या पत्रावरून माझा निर्णय झाला. कानाच्या आत बसणाराच हवा. एक शंका मात्र होती. कान बुजवून माणसाने इंजिन कसे ऐकावे? इंजिन आजारी पडण्यापूर्वी सुरात किंचित बदल करते. तो बदल कळल्यामुळेच मी दोन वेळा वाळूच्या पट्टीवर सुखरूप उतरलो आहे. यावर मीच विचार केला आणि ध्यानात आले की तो सूर मला कानांपेक्षा टाचांतून अधिक कळतो. तेव्हा ती शंका मिटली.

दुसरे असे की हा हेडसेट आला तर आगाफियाने शिवलेली बीव्हरच्या कातड्याची टोपी मला पुन्हा विमानात घालता येईल. हिरव्या हेडसेटने ती टोपी खुंटीवर नेऊन बसविली. तुझी मावशी यावरून मला बोलत असे. "एवढ्या सुया मोडल्या मी, आणि तुम्ही डोक्यावर तवे बांधून फिरता."

खरे सांगावयाचे तर ती शेजारी बसत असे तेव्हा मला रेडिओचे फारसे कामच पडत नसे. मी नदीकडे पाहत असे. ती अधूनमधून माझी वाटी उचलून कानाशी तोंड आणून काहीबाही सांगे. "उजवीकडून कार्ल येतोय." "पट्टीवर कुत्री आहेत म्हणे." बायकांना विमानातही गप्पा सुचतात. मी मान हलवीत असे. त्या दिवसांत आकाशात दाटी असे. मासळीच्या हंगामात तर गावावर विमानांची रांग लागे. आता ते राहिलेले नाही. हल्ली मी जातो तेव्हा आकाश मोकळे असते. तरुण माणसे बहुधा उडावयास कंटाळतात.

निवड तू कर व लवकर पाठव, म्हणजे परीक्षेपूर्वी सवय होईल. मोबदल्यात या उन्हाळ्याची धुरावलेली सामन मासळी पाठवीन.

मी दुपारी उडतो. का विचारलेस?

तुझा,
गुस्ताव एकहोल्म


बेथेल
३० जून २०१६

ती. काका,

उशीर झाला, माफ करा. काम होतं. मग पुन्हा काम होतं.

सोबत डबा आहे. दुकानातला नाही, माझाच आहे. वर्षभर वापरलाय, त्यामुळे तो चांगला चालतो हे मला ठाऊक आहे. बुचं नवीन घातली आहेत. तारेला चिमटा आहे, तो कॉलरला लावा, नाहीतर मान वळवली की तार ओढते. आवाजाची कळ गोल आहे, हळू फिरवा.

मी तूर्त जुन्या वाट्या घालून उडते आहे. हँगरमधले म्हणतात, "मॅटी, म्हातारी दिसतेस." म्हटलं, काकांवर गेले.

मासळी आली की कळवते.

मात्रोना


क्रो बेंडच्या वर
८ जुलै २०१६

चि. मात्रोना हिस आशीर्वाद.

तुझी वस्तू मिळाली. ती सुबक आहे. परंतु निरुपयोगी आहे, हे मला खेदाने कळवावे लागते.

मी दोन्ही बुचे कानांत घातली, चिमटा कॉलरला लावला आणि निघालो. इंजिनाचा आवाज हिरव्या हेडसेटपेक्षाही अधिक आला. पहिल्या वळणावर डावे बूच निसटून बिस्किटांच्या पुड्यात पडले. उजवे राहिले, परंतु त्यातून केवळ कोणी दूरवर घसा खाकरत असल्याचा भास झाला. मी कोठे आहे ते सांगणारी हाक नेहमीप्रमाणे दिली. उतरल्यावर वास्का म्हणाला, "काका, तुम्ही बोलत होता की गवत कापत होता?" मायक्रोफोन दाढीत शिरला होता.

मी गावातील बाकावर बसून ती वस्तू पुष्कळ वेळ न्याहाळली. जेमतेम मूठभर तार आहे. एवढीशी वस्तू एका माणसाचे घर वाचवील असे मी धरून चाललो होतो, याचे मला हसू आले.

तुझी अडचण होत असल्यास ती परत पाठवितो.

तुझा,
गुस्ताव एकहोल्म


बेथेल
१५ जुलै २०१६

काका, परत पाठवू नका!

बुचं दाबून बारीक केली होती का? मला खात्री आहे, नव्हती केली. बाटलीला बूच मारावं तशी मारलीत ना? तशी ती बसत नाहीत. सगळे पहिल्यांदा हेच करतात. मीही केलं होतं, आणि अर्ध्या वाटेवर कंपनीच्या नावानं बोटं मोडली होती.

असं करा. बूच चिमटीत धरून वळा, काडीएवढं बारीक होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. बूच आत सरकवा आणि बोटानं धरून ठेवा. सोडू नका. चर्चमधलं एखादं छोटं स्तोत्र मनात म्हणा. स्तोत्र संपेपर्यंत ते आत फुगून घट्ट बसेल. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली की समजा जमलं.

मायक्रोफोन ओठाच्या कोपऱ्याला टेकला पाहिजे. तेवढ्या जागेची दाढी कापा. मावशी असती तर तुम्ही झोपेत असताना कापून मोकळी झाली असती.

यानं ऐकू येईल, काका. सगळं ऐकू येईल. जे ऐकू येईल ते ऐकून मला लगेच लिहा. रागावलात तरी लिहा.

मात्रोना


क्रो बेंडच्या वर
२२ ऑगस्ट २०१६

मात्रोना,

मी तुझ्या सूचना शब्दशः पाळल्या. दाढी ओठाच्या उजव्या कोपऱ्याशी कापली. बुचे वळली व धरून ठेवली. तू म्हणालीस तसेच झाले. इंजिन कोणी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवावे तसे मागे सरले आणि केवळ टाचांत उरले. जखमेला काहीही लागले नाही. टोपी व्यवस्थित बसली. मी एवढा प्रसन्न झालो की उगाच नदीवरून एक मोठा फेरा घेतला.

नंतर गावाकडे वळलो आणि माझी हाक दिली. "नीलसनच्या धुरीघरावर, गावाकडे येत आहे."

लगेच कार्लचा आवाज आला, माझ्या मांडीवर बसून बोलावा एवढा स्पष्ट. "म्हातारा वर आलाय रे. धुरीघर म्हणतोय."

दुसरा आवाज कोवळा होता. "धुरीघर? नकाशात नाहीये ते."

"कसं असेल? मासळीला धुरी देत तिथं; पुरात गेलं. लाल दिव्याचा मनोरा दिसतो ना, तिथं होतं. कोल, तू बाहेर एक चक्कर मार. त्याला आधी उतरू दे. त्याला ऐकू येत नाही."

मग धावपट्टीवरच्या रेडिओवरून वास्का. "सगळे उजवीकडे राहा रे. काका नेहमीसारखे मधूनच घुसतील."

मी पुढची हाक दिली, कारण ती द्यावयाचीच असते. "आगाफियाच्या बागेवर." तेथे आमचा उन्हाळी मासेमारीचा तळ होता व तुझ्या मावशीची बटाट्यांची बाग होती. ती त्याच पुरात गेली, हे मला ठाऊक नाही असे नाही. तेथे आता वाळूचे बेट आहे. तरीही त्या वळणावर आलो की माझ्या तोंडून तेच निघते. कार्ल म्हणाला, "आता वळेल बघ. बागेवरून वळतो तो."

मी वळलो. उतरलो. वास्काने हसतमुखाने टपालाची पिशवी दिली व पाऊस येईल का यावर आपले मत सांगितले. मी पिशवी घेतली व परतलो. नंतर मी आणखी काही वेळा मुद्दाम गेलो. प्रत्येक वेळी तेच. आकाश मोकळे आहे असे मी समजत होतो. ते मोकळे नव्हते, मोकळे करून दिले जात होते.

मी पन्नास वर्षे या नदीवर कोणाचीही वाट न अडविता उडालो, असे मी लोकांना सांगत आलो. ज्याच्यासाठी इतरांना चकरा माराव्या लागतात तो वैमानिक नव्हे; ते ओझे होय. विमान दोरांनी बांधून ठेवले आहे. ड्रेसेल मास्तरांना माझा नकार कळव. विमानासाठी गिऱ्हाईक पाहा. बाहेरची खोली रिकामी असल्यास नदी गोठण्यापूर्वी मी नावेने येतो.

त्या आवाजांत तुझाही आवाज असे काय? खरे उत्तर दे.

गुस्ताव एकहोल्म


बेथेल
२९ ऑगस्ट २०१६

काका,

हो. असायचा. तुमच्या बाजूला माल टाकायला आले की मीही म्हणायचे, "काका वर आहेत, जपून." आता खोटं बोलून काय करू?

हेडसेट पाठवायला मी महिनाभर घोळ घातला तो यासाठीच. डबा दोनदा पोस्टापर्यंत नेला आणि परत आणला. तुम्हाला ऐकू आलं नाही तर सही जाणार, आणि ऐकू आलं तर हे सगळं ऐकू येणार. शेवटी वाटलं, रागावलेले काका चालतील, धडकलेले नकोत.

पण हे आम्ही सुरू केलेलं नाही. मावशीनं केलं. शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही जाळी दुरुस्त करत होता आणि ती वास्काच्या मागे बसून धावपट्टीवर आली. पातेलंभर अकुटक कालवून आणलं होतं, तिच्या हातचं, चरबीत फेटलेल्या रानबेरींचं. विमानांचे पंखे थांबायचीसुद्धा वाट न बघता सगळ्यांच्या हातात वाट्या दिल्या. कार्ल म्हणाला, "आगाफिया, आज काय विशेष?" ती म्हणाली, "खा आधी. खाल्लंत की नाही म्हणता येणार नाही." मग म्हणाली, "त्याला रेडिओ ऐकू येत नाही. मी शेजारी बसते तोवर ठीक आहे. मी नसेन तेव्हा तुम्ही बसा. त्याला सांगू नका. तो विमान विकेल."

तशा गप्पा होत्या त्या, काका. कार्ल उजवीकडून येत होता, ते तुम्ही ऐकलं नव्हतं. तिनं ऐकलं होतं.

आणि ओझं? कार्लला तुमचं पत्र वाचून दाखवलं. हो, दाखवलं, रागवा. तो म्हणाला, "सांग त्याला, दिवसभर खोकी टाकत पळतो मी. म्हाताऱ्यासाठी चक्कर मारतो तेव्हाच काय ती नदी बघायला मिळते." मग म्हणाला, "आणि त्याला सांग, मधे घुसतो तो घुसतोच. त्याचा ऐकू येण्याशी काही संबंध नाही."

मास्तरांना मी नकार कळवलेला नाही. परीक्षा तुमची आहे, नकार तुम्ही द्या. पण एक बघा. मावशी गेल्यापासून ही सगळी माणसं तुमच्याशी बोलत आलीत आणि तुम्ही एकालाही उत्तर दिलेलं नाही. आता पहिल्यांदा देता येईल, तर तुम्ही विमान बांधून ठेवलंत.

खोली रिकामी आहे. कुत्र्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

मात्रोना


क्रो बेंडच्या वर
१९ सप्टेंबर २०१६

चि. मात्रोना हिस गुस्ताव काकाचे अनेक आशीर्वाद.

ड्रेसेल मास्तरांनी सही केली. ते कसे घडले ते सविस्तर लिहितो, कारण कार्ल तुला ते तिखटमीठ लावून सांगेल.

तुझे पत्र आल्यावर मी बरेच दिवस त्याला उत्तर लिहिले नाही. मी आगाफियावर रागावलो होतो. घरात तिच्याशी मोठ्याने भांडलो, व नेहमीप्रमाणे तिचेच खरे ठरले. शेवटी मी असे ठरविले की परीक्षेस बसावे, परंतु कोणालाही माझ्या बोलण्याचा अर्थ लावीत बसावे लागू नये. म्हणून मी नवा नकाशा घेऊन त्यावरील नावे पाठ केली. मनोऱ्याला मनोरा म्हणू लागलो.

परीक्षेच्या दिवशी हवा स्वच्छ होती. मास्तर शेजारी बसले. मी बुचे वळून बसविली. त्यांनी विचारले, "हे एवढंसं काय आहे?" मी म्हटले, "माझ्या भाचीची निवड आहे." त्यानंतर त्यांनी जे जे सांगितले ते पहिल्याच खेपेस ऐकू आले, ते स्वतःशी जे पुटपुटले तेही.

येताना गावाच्या अलीकडे मी हाक दिली. "नव्या बेटावर, हजार फूट, गावाकडे येत आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग तो कोवळा आवाज आला. कोल मिनेसोटाचा आहे व या वसंतातच येथे आला आहे. तो म्हणाला, "नवं बेट? कुठलं नवं बेट? या नदीत दरवर्षी नवीनच बेटं असतात. काका, तुम्ही आगाफियाच्या बागेच्या अलीकडे आहात की पलीकडे?"

त्या मुलाने तिला कधी पाहिलेले नाही. ती गेली तेव्हा तो कोठल्या तरी शाळेच्या बाकावर असेल. तरी त्याने तिचे नाव असे घेतले, जसे कोणी चौकाचे किंवा पुलाचे घ्यावे.

मला बटण दाबता येईना. मास्तर म्हणाले, "एकहोल्म, ऐकू आलं का?" त्यांची लेखणी हातात होती. त्यांना एवढेच दिसत होते की हाक आली आहे आणि म्हातारा गप्प बसला आहे.

मी बटण दाबले. "बरोबर आगाफियाच्या बागेवर. हजार फूट. कोल, तुझे विमान मला उजवीकडे दिसते आहे. तू आधी उतर. मी चक्कर मारतो."

आणि मी बाहेरच्या अंगाला वळलो. खाली पाणी उतरले होते व बेटावरच्या विलोची पाने पिवळी पडली होती. कार्ल म्हणतो त्यात तथ्य आहे. वाट पाहणाऱ्यालाच नदी दिसते.

कोल उतरला. मग कार्ल म्हणाला, "म्हातारा ऐकतोय रे. आजपासून जपून बोला सगळ्यांनी."

मी त्यावर "ऐकले" एवढेच म्हणालो.

तुझा,
गुस्ताव एकहोल्म